फोम कडक येतोय

२२ मार्च

पुन्हा कडक! दाबलं तर फोम दबत नाही, बोटच दुखतं.

मागच्या महिन्यात याच भट्टीतून, याच कृतीनं मऊ निघाला होता. जुन्या गाद्यांचे तुकडे ग्लायकॉलमध्ये तापवायचे. फोमच्या साखळ्या तुटतात आणि मधासारखा दाट द्रव उरतो — पॉलिऑल. त्यात थोडं नवं मिसळून दुसरं रसायन ओतलं की नवा फोम पावासारखा फुगतो. फुगायला हवा. आज वीट निघाली. एम.एस्सी. केलं ते विटा पाडायला?

२३ मार्च

सरपंच भैयाजी शेडवर आले होते. खुर्ची दिली, बसले नाहीत. "बाई, हनुमान जयंतीपरेंत तुमचा नमुना नागपूरच्या गादीवाल्यानं पास केला त ढीग तुमचा. नाई त वीटभट्टीवाला न्यायले तयारच हाय. जागा अडून राह्यली."

ढीग म्हणजे शेडमागचा. मंडपवाल्यांच्या, वसतिगृहांच्या टाकून दिलेल्या गाद्या, घराएवढा उंच. गेल्या वर्षी भट्टीवाल्यानं असल्याच गाद्या जाळल्या. काळा धूर आठ-आठ दिवस गावावर बसून होता. माझी स्वाती पावसाळा संपेपर्यंत खोकत होती. अजून तिच्या दप्तरात पंप असतो. म्हणून तर ही बंद पडलेली धानाची गिरणी भाड्यानं घेतली. नाहीतर मला काय हौस होती?

२६ मार्च

ग्लायकॉल बदललं. थर्मामीटर बदलला. पुरवठादाराशी फोनवर भांडले. फोम कडकच.

आज मुखरूभाऊंवर घसरले. भुशाच्या भट्टीची आच तेच सांभाळतात. म्हटलं, तुम्हीच जास्त तापवता. "मी काऊन जास्त तापवू, म्याडम? काट्यावर डोळा ठेवूनच आच देऊन राह्यलो." आणि डबा न खाताच बसून राहिले. माणूस खरं बोलत असावा. पण मग चुकतंय कोण?

२८ मार्च

दहा वाजेपर्यंत शेडवर चिटपाखरू नाही. मोहाचे दिवस. या दिवसांत आमच्याकडचा माणूस कामावर नसतो, झाडाखाली फुलं वेचत असतो. ओरडून उपयोग नाही, ओरडून झालंय.

मीराबाई आल्या त्या डोक्यावर टोपली घेऊनच. फोम धुणं, वाळवणं, कापणं सगळं त्यांच्याकडे. शेडमागे ढिगाला लागूनच त्यांचं मोहाचं झाड. पटांगणभर फुलं पसरलेली, मला पाय ठेवायला जागा नाही. चवड्यांवर चालत आत गेले. शेडला मोहाचा वास, साडीला वास, डब्यातल्या भाजीलासुद्धा. डोकं उठलं.

आजचं पॉलिऑल काकवीसारखं काळं. काय समजायचं?

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली. स्वाती म्हणाली, "आई, तू सणालापण रागावलेलीच." खरं आहे.

२ एप्रिल

पुण्याच्या कंपनीतल्या जुन्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, फोममध्ये ओलावा राहत असेल, नीट वाळव. हे मला कसं सुचलं नाही! मीराबाईंना सांगितलं, धुतलेला फोम आणखी दोन दिवस पटांगणात उन्हात राहू द्या. "ठेवतो ना म्याडम, बरंच होते," म्हणाल्या. खूशच दिसल्या. चला, कुणीतरी खूश आहे.

५ एप्रिल

दोन दिवस जास्त वाळवला. आधीपेक्षा कडक निघाला!

मुखरूभाऊंनी त्यात खिळा ठोकून पाहिला. "पक्का बसते, म्याडम. दरवाजा बनवा." हसू आलं, मग रडूच आलं. शेडच्या मागे जाऊन रडले. समोर ढीग. वीटभट्टीवाला कालच येऊन बघून गेला म्हणे, किती ट्रॅक्टर लागतील ते.

सोडून द्यावं का? स्वातीला घेऊन आरमोरीला आईकडे जाऊन राहावं?

७ एप्रिल

सापडलं. आणि मला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटतंय.

सकाळी लवकर गेले. मीराबाई वाळलेला मोह गोळा करत होत्या. फुलांखाली काय होतं? माझा फोम! धुतलेला, स्वच्छ, ओळीनं अंथरलेला. हात लावला तर चिकट. चाटून पाहिला — गोड.

पंधरा दिवस त्या पटांगणातून चवड्यांवर नाचत गेले. मोह दिसत होता. मोहाखाली काय अंथरलंय ते एकदा वाकून बघितलं नाही. मोहाच्या दिवसांत अंगणात मोह असणारच, त्यात काय बघायचं? वासानंही शंका आली नाही, सगळ्या गावालाच तो वास.

ताज्या फुलांचा रस फोम पिऊन घेत होता. म्हणजे भट्टीत दर वेळी साखर जात होती. साखर त्या साखळ्यांना नको तितक्या ठिकाणी धरून ठेवते, जाळं आवळतं, फोम दगड होतो. आणि मी शहाणी सांगते, आणखी दोन दिवस ठेवा!

मीराबाईंना काही कळेना. "मातीत टाकला त खडे लागते, म्याडम. प्लास्टिकच्या पन्नीवर टाकला त काळा पडते. याच्यावर फूल कसं सोन्यावानी राह्यते."

ओरडले. फार ओरडले. उद्यापासून इथे एक फूल दिसता कामा नये, तुमचा मोह तुमच्या झाडाखालीच वाळवा. "तिथी त पालाच पाला हाय, म्याडम. म्हणून त इथी आणत होतो." म्हटलं, मग करा जागा, तेही मीच येऊन करू? त्या टोपली उचलून गेल्या.

८ एप्रिल

मुखरूभाऊंची माफी मागितली. "जाऊ द्या म्याडम, तुमचं डोस्कं जाग्यावर नव्हतं." चहा पाजला. मीराबाईंशी अजून बोलवत नाही. ढिगातून नव्या गाद्या काढल्या, धुतल्या, स्वतः समोर बसून वाळवल्या.

१० एप्रिल

मऊ!!

दाबला, सोडला, पुन्हा वर आला. शंभरदा दाबला असेल. स्वातीला शाळेतून थेट शेडवर आणलं. तिनं त्यावर गाल टेकवला आणि म्हणाली, "आता ते धूर नाही करणार ना?" नाही म्हटलं. किती दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं.

११ एप्रिल

ठोकळा कापडात गुंडाळून ठेवलाय. उद्या सकाळच्या बसनं मुखरूभाऊ नागपूरला नेणार. भैयाजींना फोन केला. "झालं का? मंग काही टेन्शन नाई. भट्टीवाल्याले नाई म्हणून सांगतो."

संध्याकाळी मीराबाई दिसल्या, झाडाखाली खराटा घेऊन. हाक मारणार होते. म्हटलं उद्या बोलू, सणाचा दिवस आहे, गोडाचं काहीतरी घेऊन जाऊ.

१२ एप्रिल

ढीग जळाला. पूर्ण.

मीराबाईंनी पहाटे झाडाखालचा पाला पेटवला. मोहाखाली सगळे अशीच जागा करतात, मी लहानपणापासून बघत आले आहे. वारा सुटला आणि आग गाद्यांत शिरली. "म्याडमचा फोम, म्याडमचा फोम" करत त्या पेटत्या गाद्या ओढत राहिल्या. मुखरूभाऊंनी त्यांना धरून बाहेर काढलं. मीराबाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्टीत आहेत.

स्वातीला आरमोरीला पाठवलं. गावावर धूर आहे.

नमुना नागपूरला गेला नाही. दवाखान्यात आणून मीराबाईंच्या हातांखाली ठेवला. त्यांनी कोपरानं तो हळूच दाबून पाहिला. मग म्हणाल्या, "मऊ हाय, म्याडम."