नांगरटीतलं पहिलं पाऊल

आई, पेरणी झाली की दुसऱ्या दिवशी तू आपल्याच वावरातून तिरपी चालत जायचीस. का, हे कोडं मला किती वर्षं पडलं होतं. शाळा उघडायला दोन-चार दिवस उरलेले असायचे, नाशिकच्या वसतिगृहात जायची माझी ट्रंक भरून झालेली असायची. मला तू बांध सोडून आत पाय टाकू द्यायची नाहीस. "बी हाय खाली, दिसत नाय का?" म्हणून पाठीत धपाटाही मिळालाय. आणि तू मात्र लुगडं जरा वर खोचून पाड्याकडच्या आंब्यापासून थेट फाट्यावरच्या एसटी थांब्यापर्यंत निघतेस, सावकाश, टाच दाबत. बाबा बांधावर तंबाखू मळत म्हणतात, "पेरायचं आम्ही, तुडवायचं हिनं." तू ऐकून न ऐकल्यासारखं करतेस. शाळेत हिरवळीवर पाय पडला तरी सिस्टर रागवायच्या, त्यामुळे मला तुझं फारच नवल वाटायचं. एकदा विचारलं, तर म्हणालीस, "आपलं पाऊल आधी पडाया पाहिजे." मला वाटलं, पूजेबिजेतलं काहीतरी असेल.

आता मी गंगापूर रोडला राहते आणि संध्याकाळी बागेत गोल गोल चालते. तू हसली असतीस. परवा गावी गेले. इतकी वर्षं आपलं वावर पाड्यावरच्याच एका माणसाकडे बटाईने होतं, यंदा दादाच्या मुलाने ते स्वतः करायला घेतलंय. टोमॅटो लावणार आहे. नांगरून ठेवलंय, बांबू येऊन पडलेत, दुसऱ्या दिवशी कडेने तारेचं कुंपण घालायचं होतं. पाड्यावरची माणसं वावरातून फाट्यावर जायची, त्या वाटेचं मी विचारलं. तो म्हणाला, आत्या, आता कोण चालतं? नांगरट होऊन आठवडा झाला, एक पाऊल दिसतंय का बघ. मी पाहिलं. खरंच नव्हतं.

दुपारी फाट्यावर सहज गेले, तर चिंचेखाली पाड्यावरची एक म्हातारी बसलेली, घामाघूम. नाल्याच्या सडकेने वळसा घालून आली होती. वावरातून का नाही आलीस, विचारलं, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच परकी. म्हणाली, "नांगरटीत वावरवाल्याचं पाऊल नाय, मंग आमी कसं शिरावं? तुझी आई व्हती तव्हा तिचं पाऊल दिसायचं. ते दिसलं की समजायचो, चला."

आई, मी तिथेच तिच्या शेजारी बसून राहिले. दादाचा मुलगा लोकांचं पाऊल दिसत नाही म्हणून वाट बंद करणार, आणि पाड्यावरचे लोक आपल्या घरचं पाऊल दिसत नाही म्हणून येत नव्हते. नुसतं त्याला सांगून भागलं असतं, कदाचित. पण मला ते करूनच बघायचं होतं. ऊन उतरल्यावर साडी खोचली, बूट काढून ठेवले आणि निघाले. ढेकळं इतकी टोचतात हे तू कधी बोलली नाहीस. तुझा आंबा आता नाही. अंदाजाने शिरले, पुढे विजेचा एक खांब नजरेसमोर धरून चालले, तो भलतीकडचाच निघाला, मग अर्ध्यातून फाट्याकडे वळले. टाच मात्र दाबत होते, तुझ्यासारखी.

सकाळी चहा घेऊन मी आणि दादाचा मुलगा बांधावर गेलो. चपलांचे ठसे, अनवाणी पावलं, एका शेळीचे खूरसुद्धा. सगळे माझ्यामागून त्या खांबाकडे गेलेले आणि माझ्यासारखेच वळलेले. तो म्हणाला, "चालतात की गं लोक." बांबू मोजायला वाकला आणि कुरकुरला, "पण आत्या, ही वाट मध्येच अशी वाकडी का?"

"तुझी आजी अशीच जायची," मी म्हटलं.

कुंपणाला दोन्हीकडे तोंडं ठेवलीत त्याने, आणि मधली पट्टी त्या वळणासकट सोडलीय. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं मला माहीत नाही, म्हणून इथेच सांगून ठेवते. तू मध्ये कुठेही न वळता सरळ जायचीस. त्याला मी अजून सांगितलेलं नाही.