ताईच्या ट्रेमधले बोर्ड

४ फेब्रुवारी

ताईचा सर्किट बोर्ड खराब निघाला. ताईचा!

भिंगाखाली पुन्हा धरला, दिवा हलवून बघितला. जोड राखाडी, खरखरीत. सोल्डरचं वितळलेलं कथील थंड होत असताना हात हलला की असा होतो. वरून बसल्यासारखा दिसतो, आतून धरलेलाच नसतो. आम्ही याला ‘ड्राय’ म्हणतो. नव्या मुलींच्या ट्रेमध्ये असे ढिगाने सापडतात. पण जिने मला सोल्डरची गन धरायला शिकवली, या कंपनीत चिकटवलं, तिच्या ट्रेमध्ये? तपासायला बसल्यापासून माझा सगळ्यात सोपा ट्रे तिचाच.

नियम सरळ आहे. खराब जोडाशेजारी लाल बाण चिकटवायचा आणि बोर्ड जिचा तिला परत. बाण बोटावर घेतला. लावला नाही. होतं एखाद्या दिवशी असं.

५ फेब्रुवारी

आज आणखी निघाले.

९ फेब्रुवारी

चहाच्या सुट्टीत हॉल रिकामा झाला की दुरुस्तीच्या टेबलावर बसते आणि ताईचे जोड मीच पुन्हा करते. तपासणारीने गन हातात घ्यायची नाही, हे नव्या मुलींना बजावते कोण? मीच! मग ट्रेवर ‘पास’चा शिक्का मारते कोण? तीही मीच.

चोराच्या मनात चांदणं. आज झाडू मारणाऱ्या मावशी अचानक आत आल्या, तर मी उगाचच दात काढले. “चहा नको का गं?” म्हणाल्या. म्हटलं, पित्त झालंय. आता रोज पित्त.

१५ फेब्रुवारी

सुट्टी. ताईकडे गेले. पोचले तशी तिने सुई-दोरा माझ्या हातात दिला – “ओव गं, माझा चष्मा कुठे गेलाय कोण जाणे.” चष्मा तिच्या डोक्यावर होता. मी दोरा ओवून दिला.

पाणी ओतताना तिने जग दोन्ही हातांनी धरला. भावोजी हसले, “वय झालं आता तुमच्या ताईचं.” ती म्हणाली, “आणि तुम्ही काय पाळण्यात आहात?” जीभ अजून तशीच आहे बाईची.

स्वयंपाकघरात गाठलंच तिला. ताई, हात थरथरतो का गं?

“झोप नीट होत नाही, म्हणून.”

डॉक्टरला दाखव.

“दाखवते बाई! किती मागे लागशील!”

भांडी मीच घासली. ती स्टुलावर बसून राहिली, उजवा हात पदराखाली. आईसुद्धा शेवटी शेवटी अशीच बसायची. हा विचार नको होता मला.

१८ फेब्रुवारी

ताई डॉक्टरकडे जाऊन आली! “अशक्तपणा आहे म्हणाले, गोळ्या दिल्यात.” जीव भांड्यात पडला. आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

२३ फेब्रुवारी

जोड तसेच. उलट जास्तच. गोळ्यांना वेळ लागत असेल. लागतोच.

२७ फेब्रुवारी

सुपरवायझरने सगळ्यांना गोळा केलं. ताईला पुढे बोलावलं. “महिनाभरात यांचा एकही बोर्ड परत आलेला नाही. शिका जरा!” टाळ्या. ताई लाजली, खरंच लाजली, लहान मुलीसारखी. मीही टाळ्या वाजवल्या.

मग पुढचं. सोमवारपासून ताई वरच्या विभागात. तिथे दवाखान्यातल्या मशीनचे बोर्ड होतात. तिळाएवढे भाग. तिथली तपासणारी वेगळी, तिच्या टेबलाजवळ मला कोण जाऊ देणार? आणि हे बोर्ड कुणाच्या तरी उशाशी लागणार.

करायला गेले काय आणि झालं काय! आपल्या पायावर धोंडा मारून घेतात लोक. मी तिच्या पायावर मारला.

२८ फेब्रुवारी

ताईला म्हटलं, जाऊ नकोस वर. नाही म्हणून सांग त्यांना.

“का?”

काम बारीक आहे. डोळ्यांना त्रास होईल.

ती म्हणाली, “बारके, जळतेस का गं माझ्यावर?”

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण कालच्या टाळ्यांनी तिचा चेहरा अजून उजळलेला होता, आणि मी माती खाल्ली. “जळते,” म्हटलं. ती हसली. माझ्या गालावर हात ठेवला. तो हात थरथरत होता आणि तिला ते कळत नव्हतं, की कळत होतं, देव जाणे.

घरी येऊन न्हाणीत नळ सोडून रडले. ताई, माझी ताई गं!

१ मार्च

आज जाऊन सगळं सांगणार होते. तिच्या दारापर्यंत गेले. आत ती भावोजींना नव्या विभागाचं कौतुक सांगत होती. परत आले.

२ मार्च

वरून तिचा अख्खा ट्रे परत आला. प्रत्येक बोर्डावर लाल बाण. फाटकाशी ती पिशवी धरून उभी होती. रागावली नाही. एवढंच म्हणाली, “डॉक्टरकडे मी गेलेच नव्हते गं. खोटं बोलले तुझ्याशी. भीती वाटायची. मग म्हटलं, बारकीच्या नजरेतून काही सुटत नाही. ती बोर्ड परत पाठवत नाही, म्हणजे हात ठीकच असणार माझा.”