फुलचंदचा व्हिडिओ लांबून राह्यला

१८ सप्टेंबर २०१७, सोमवार
आली बाप्पा दारव्ह्याले एकदाची! जीपमधी शेजारणीची कोंबडी माह्याच मांडीवर बसली होती, तरी मजा आली. मावशीनं आल्याबरोबर भजे तळले. उद्यापासून नंदकिशोर मावसाजीच्या मोबाईल दुकानात बसाचं. नववीत शाळा सोडली तवापासून मी घरीच होती, चार लोकाइत तोंड उघडत नाही माहं. मावसाजी म्हणे, बोलाचं कायले? बाया पोट्ट्याच्या हाती फोन द्याले लाजतात. तू फोन घे, कार्ड भरून दे, बस.
वहीत लिहिलं तं मावशी वाचन, म्हणून मोबाईलातच लिहून राह्यली.

२१ सप्टेंबर
काम सोपं हाय. लोक मेमरी कार्ड आणतात, आपण दुकानातल्या कॉम्प्युटरातून गाणे, पिच्चर, भजनं टाकून द्याचे. हिरवी पट्टी पुरी भरेपर्यंत कार्ड ओढाचं नाही, नाहीतं सगळं कार्ड बाद. मावसाजीचा नियम असा का कट कधीच माराचं नाही, कॉपीच माराची. एकदा दुकानात आलेला माल दुकानातच राह्यला पाह्यजे म्हणे.
आज बाजार. सगळे पोट्टे एकच मागत होते, "ताई, तो बेवडा कॉमेडी टाक ना." मी न पाहताच टाकत गेली.

२५ सप्टेंबर
पाह्यला तो. एक माणूस कपाशीत झोकांड्या खाते, पडते, तोंडातून फेस येते. वरून गाणं चिकटवलं आन खिदळण्याचा आवाज. मले काही हसू नाही आलं.

२८ सप्टेंबर
बेबीबाई नावाची एक बाई आली. गिऱ्हाईक जाईपर्यंत उभीच राह्यली. मंग म्हणे, तो बेवडा माहा माणूस व्हय, फुलचंद. कपाशीवर औषधाचा फवारा मारता मारता पडला. यवतमाळच्या दवाखान्यातून परत नाही आला. जल्मात थेंब नाही घेतला त्यानं. पोरगा पियूष होस्टेलात शिकते, दिवाळीले घरी येईन. त्याच्या नजरेस पडाच्या आधी मिटवून टाक बाई.
मी हो म्हणून मान हलवली.
मावसाजीले सांगतलं तं ते हसले. मेलेला माणूस काय केस कराले येते काय, म्हणे. लय राग आला मले.  ते चहाले गेले आन मी डिलीट मारलं. कचऱ्याचा डब्बाही रिकामा केला.

२ ऑक्टोबर
दसऱ्याची सुट्टी संपवून दुकान उघडलं तं बेवडा जाग्यावरच.
मावसाजीनंच टाकला असन वाटलं. पण हा लांब हाय. गाणं संपल्यावरही चालते. आता फुलचंदच्या पाठीवर फवाऱ्याचा पंप दिसते. सदरा ओलाचिप. कपाशी त्याच्या डोक्याच्या वर, औषध सारं तोंडावरच उडालं असन. तो म्हणते, मालक, पाणी द्या, दिसून नाही राह्यलं. आन फोन धरणारा हसते, "काहून बे फुल्या, सकाळीच लावली काय?"
तो आवाज मी रोज जेवताना ऐकते. मावसाजीचा. वावरही मावसाजीचंच.
मावशीले सांगतलं. तिनं माह्या ताटात पोळी टाकली, म्हणे गुपचूप जेव.
कशी जेवू?

५ ऑक्टोबर
परत मिटवला. परत आला. अजून लांब.
त्यात मावसाजी फोन खिशात घालतात, फटफटीले किक मारतात, तरी व्हिडिओ बंद नाही होत. त्याइच्या मागं मागं चालते. पायी चालल्यासारखा हलते. श्वास ऐकू येते, ओला, घरघर.
फोन तं मावसाजीच्या खिशात हाय. मंग हे कोण काढून राह्यलं?

७ ऑक्टोबर
बेबीबाई इचाराले आली. खोटं नाही बोलता आलं. कॉम्प्युटरवर पुरा दाखवला. रडली नाही ती. पंप दिसला तिथं बोट ठेवलं. म्हणे, हा पाह्य पंप, आन सारं गाव बेवडा म्हणते. मंग म्हणे, नको मिटवू मिताली. ज्याइनं हसाले नेला त्याइच्या कार्डात हाच टाक. पियूषले मी सोता दाखवीन.
श्वासाची घरघर आली तशी कॉम्प्युटरले कान लावून बसली.

१२ ऑक्टोबर
बाजार. "बेवड्याचा नवीन आला म्हणे ताई?"
आला ना. न्या. पाहा. हसा आता.

१३ ऑक्टोबर
टपरीवर कोणीतरी मावसाजीच्या तोंडावर थुकलं. आल्या आल्या मले कानफटात देली. मी पह्यल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, तुमी त्याले पाणी काहून नाही देलं? तो मागत होता. हसत काहून होते?
त्याइनं सगळं फॉरमॅट मारलं. कॉम्प्युटरच फोडून टाकला.
सांजच्याले व्हिडिओ माह्या मोबाईलात. मी घेतला नव्हता.

१४ ऑक्टोबर
व्हिडिओ चालत चालत दारव्ह्यात आला. बसस्टँड. बाजाराची ओळ. आपलं दुकान. मावसाजी पाठमोरे बसून हायेत — अंगात आजचाच सदरा —
दाखवला त्याइले.  म्हणे फोन दे इकडं. नाही देला.

१६ ऑक्टोबर
बेबीबाई सकाळीच तिचा फोन ठेवून गेली. परवा पियूष येते. बाजारात वाटलेले सारे मावसाजीनं दम देऊन मिटवाले लावले, आता माह्याजवळचा एकच. ब्लूटूथनं पाठवून राह्यली. पट्टी लय हळू —
मावसाजीनं आतून शटर ओढलं. भर दुपारी. मी मागच्या खोलीत कडी लावून बसली. दार ठोकून राह्यले. शिव्या. ठोका. नाही देत जा —

व्हिडिओ आपोआप सुरू. खोलीचं दार दिसते, बाहेरून. मावसाजी ठोकतात. त्याइच्या मागून एक हात — हिरवट, ओला —

ठोकणं थांबलं.
मावसाजी दारापुढं खाली कोसळले असन. पाणी मागून राह्यले. दिसत नाही म्हणतात.
नाही उघडत मी.
अर्धी झाली पट्टी. भर ना. भर ना लवकर —

मावसाजी गप. आता दुसराच कोणी दाराशी. घरघर. हळू इचारते, लाजल्यासारखं — पोराले व्हिडिओ भेटला काय, बाई —
थोडीच राह्यली, म्हटलं, थोडीच — कडी हलून —