नुसत्या दगडांनी

अण्णा,

शाळेत मी तुम्हाला सर म्हणायचे, कारण तुम्हीच तसं बजावलं होतं. "फाटकाच्या आत मी तुझा कोणी नाही." तुम्ही सायकलवर पुढे जायचात आणि मी कोथरूडच्या त्या धुळीच्या रस्त्यानं मागून चालत यायचे, कारण बाकीच्या मुलींना कोणी सायकलवर सोडत नव्हतं. एकदा पाय मुरगळला होता तेव्हाही चालतच आले, उशीर झाला आणि वर्गाबाहेर उभी राहिले. तो तास तुमचाच होता. तुम्ही दाराकडे न बघता शिकवत राहिलात. लोक याला तत्त्व म्हणत. मीही बराच काळ म्हणत होते.

तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तुम्हाला लिहावं असं फारसं कधी वाटलं नाही. आज लिहिते आहे ते त्या शिबिराबद्दल.

डिसेंबरात शाळेचं शिबिर गडाच्या पायथ्याच्या माळावर असायचं. त्यात शेकोटीची स्पर्धा, तुम्ही सुरू केलेली. नियम आधीच फळ्यावर लिहून द्यायचात: काडेपेटी नाही, कागद नाही, रॉकेल नाही, दोन दगड आणि झाडाखाली मिळेल ते. वर एक वाक्य तोंडी: "आदिमानवाला जमलं, तो तर नापासच होता. तुम्ही आठवीपर्यंत आलात." मुली हसायच्या. दर वर्षी तासभर दगडांवर दगड आपटले जायचे, बोटं सोलली जायची आणि कोणाचीच शेकोटी पेटायची नाही. मग शेवटी तुम्ही स्वतः बसायचात आणि पाच-सात मिनिटांत पेटवून दाखवायचात. त्याची ख्याती खालच्या वर्गांपर्यंत पोचलेली होती. सर नुसत्या दगडांनी विस्तव करतात.

मला ती स्पर्धा जिंकायची होती. बक्षीस एक वही होती. मला वही नको होती. त्या माळावर चाळीस मुलींसमोर तुम्ही मला शाबास म्हणायला हवं होतं, कारण तिथे मी तुमची कोणी नव्हते आणि म्हणून ती शाबासकी खरी ठरली असती. दिवाळीची सगळी सुट्टी मी टेकडीवरून गारगोट्या आणून मोरीच्या मागच्या अंधाऱ्या बोळात आपटत होते. दगडांतून उजेड निघायचा, अगदी स्पष्ट, पिवळट. पण तो थंड असायचा. कापसावर पडला तरी कापूस करपायचासुद्धा नाही. आई भाकरी थापता थापता माझी बोटं बघत होती. तिची माहेरची, खराडीची बोली तिच्या तोंडी यायची ती तुम्ही घरात नसताना. म्हणाली, "नुसता धोंड्यावर धोंडा हाणून कुठं इस्तू पेटतो व्हय? जल्म जाईल तुझा." मग हात धुऊन आत गेली आणि ट्रंकेच्या तळातून फडक्यात बांधलेला पोलादाचा एक तुकडा घेऊन आली, मुठीत बसेल असा, दोन्ही टोकांना वाकवलेला. तिच्या वडिलांचा. ते राखणीला जायचे तेव्हा चिलमीसाठी कमरेला बाळगायचे. वडिलांची तेवढी एकच वस्तू तिच्याकडे होती.

आईनं मला सगळं शिकवलं. उशीत भरायला ठेवलेला सावरीचा कापूस तिनं झाकणाच्या डबीत घालून चुलीवर ठेवला आणि धूर थांबेपर्यंत काळा केला. गारगोटीच्या धारेवर तो कापूस अंगठ्यानं धरायचा आणि पोलाद वरून खाली निसटतं मारायचं, आपटायचं नाही. "खरवडल्यावाणी मार. दगडाला राग येऊ दे." चौथ्या दिवशी कापसावर मोहरीएवढा लाल ठिपका दिसला आणि पसरत गेला. तो वाळल्या गवताच्या घरट्यात ठेवून मी फुंकत राहिले. आईनं टाळी वाजवली, मग तोंडावर हात धरला, कारण तुम्ही बाहेरच्या खोलीत पेपर तपासत होतात.

आता मी पुन्हा त्या माळावर बसले आहे, तेरा वर्षांची. दुपारचे चार. आजूबाजूला चाळीस मुली दगड बडवताहेत. कुसळी गवत मी सकाळीच गोळा करून चुरून ठेवलेलं आहे. तिसऱ्या फटक्याला ठिणगी पडते, ठिपका पसरतो, गवतातून पांढरा दाट धूर येतो आणि मग ज्वाळा, एकदम, आवाज करत. शेजारची मुलगी किंचाळते. सगळ्या धावत येतात. मागून तुम्ही येता. माझ्याकडे बघत नाही, हाताकडे बघता.

"काय आहे ते?"

"पोलाद, सर."

"कुठं मिळालं?"

मी म्हणते, घरून आणलं. आईनं दिलं असं म्हणत नाही. फाटकाच्या आत आई तरी कुठून आणायची.

"नियम काय होता? झाडाखाली मिळेल ते. लोखंड कोणत्या झाडाला लागतं? आम्हालाही दाखवा, कलम करून घेऊ."

मुली हसतात. किंचाळलेली मुलगीही हसते. तुम्ही हात पुढे करता, मी तुकडा देते आणि तुम्ही तो माळाच्या कडेच्या दरीत भिरकावता. तो खाली कुठे पडल्याचा आवाजही येत नाही. "माझी मुलगी आहे म्हणून नियम बदलणार नाही," असं तुम्ही सगळ्यांना सांगता आणि सोबत आलेल्या शाळेतल्या बाईंच्या चेहऱ्यावर कौतुक उमटतं. पायानं माझी शेकोटी विझवता. मला पाण्याच्या पिंपांपाशी वेगळं बसायला सांगता.

नियमानं तुमचं बरोबर होतं. त्याबद्दल मी हे लिहीत नाही.

मग तुम्ही स्वतः बसलात, दर वर्षीसारखे मुलींकडे पाठ करून, वाऱ्याला आडोसा म्हणून अंगावरची शाल पसरून. दगडांचा आवाज येऊ लागला. मुली गप्प झाल्या. पण मी पिंपांपाशी होते, आणि त्या बाजूनं शाल उघडी होती. तिथे तुम्हीच मला बसवलं होतं. डाव्या हातानं तुम्ही एक दगड दुसऱ्यावर आपटत होतात, सावकाश, ताल धरून, आणि उजवा हात सदऱ्याच्या खिशात गेला. काडी पेटताना तुम्ही खोकलात. गुलाचा वास माझ्यापर्यंत आला. विझवलेली काडी तुम्ही सदऱ्याच्या बाहीत सारली, इतक्या सराईतपणे की ते किती वर्षं चाललं असेल हे मला तेव्हाच कळलं. मग तुम्ही मान वळवलीत आणि आपली नजरानजर झाली. क्षणभर मला वाटलं, तुम्ही काहीतरी म्हणाल. तुम्ही उठलात, बाजूला झालात आणि म्हणालात, "पाहिलंत? दोन दगड. बाकी काही नाही." टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

पुढे मी तुमच्या बाजूनं पुष्कळ विचार केला. पहिल्या वर्षी तुम्ही पुस्तकात वाचलेलं खरं मानलं असेल. चाळीस मुलींसमोर दगड आपटून हात दुखले असतील. मला जमत नाही, पुस्तकात चुकलं असेल, एवढं म्हणायचं होतं. ते मास्तरला म्हणता आलं नाही. तेवढं मी समजू शकते, मीही आयुष्यभर शिकवलं. पण त्या दिवशी तुमच्यासमोर खरी आग होती. ती कशी लागते हे सांगणारी तुमच्याच घरात भाकरी थापत होती. तुम्ही विचारलं नाहीत. फेकून दिलंत.

शिबिराहून परतल्यावर घरी जेवताना आईनं तुमच्यासाठी राखून ठेवलेल्या बोलीत विचारलं, "अहो, तो पोलादाचा तुकडा कुठे आहे?"

"टाकला."

"माझ्या वडिलांचा होता तो."

तुमचा घास थांबला. मला दिसला थांबलेला. मग तुम्ही म्हणालात, "मग पोरीच्या हातात दिलास कशाला? तुमच्या खराडीची विद्या नियमात बसत नाही." आणि ताक मागितलंत. आईनं वाढलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळेत लवकर गेलात. आई चुलीपुढे बसून होती, चूल पेटवली नव्हती. तिनं मला विचारलं, "त्यांनी खरंच नुसत्या धोंड्यांनी पेटवली?" मी हो म्हटलं. तुमची अब्रू माझ्या हातात आहे असं मला वाटलं होतं, तेरा वर्षांच्या मुलीला त्याचं ओझं मोठं वाटतं आणि थोडा अभिमानही. आईनं चुलीतली राख सारखी केली. मग म्हणाली, "मंजे आमच्या बानं जल्मभर ते लोखंड उगाच वागवलं." त्यानंतर तिनं तिच्या वडिलांची कुठलीच गोष्ट मला सांगितली नाही. शेत कसं राखायचे, काय म्हणायचे, काही नाही. तिला वाटलं असणार, त्यांना जे येत होतं त्याहून सोपं तुम्हाला येतं.

तुम्ही गेल्यावर शाळेनं शोकसभा घेतली. चार जुन्या विद्यार्थिनी बोलल्या, त्यांतल्या तिघींनी दगडांची गोष्ट सांगितली. मलाही बोलायला लावलं. मी तुमच्या शिस्तीबद्दल बोलले. घरी परतताना रिक्षात आईनं परत विचारलं. तेव्हा ती सत्तरीची होती, कोणाची भीती उरली नव्हती, तुम्हीही उरला नव्हतात. म्हणाली, "तू तिथं व्हतीस. खरं सांग. नुसत्या धोंड्यांनीच ना?"

मी पुन्हा हो म्हटलं. त्या वेळी तुमच्या अब्रूचा विचार माझ्या मनात आलाही नाही. नाही म्हटलं असतं तर तिनं पुढचं विचारलं असतं, मग इतकी वर्षं गप्प का बसलीस. ती रिक्षातून बाहेर बघत राहिली. दोन वर्षांनी तीही गेली.