न पाहिलेल्या इंजिनाचे देणे

परम कृपाळू, परम दयाळू अल्लाचे नाव घेऊन.

मी, कल्सोम बिन्ती देरामान, वय अडुसष्ट, विधवा, पूर्वी बँकेत नोकरीस, राहणार मारांग, तेरेंगानू, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. मूत्रपिंडे कामातून गेली आहेत, पण सही काही ती करत नाहीत. कोणाचे दडपण नाही. मुलगी हसनाह स्वयंपाकघरात मासे तळते आहे आणि मी काय लिहिते आहे हे विचारायलाही आलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. गावात मला सगळे काक सोम म्हणतात, म्हणजे सोमताई. कागदावरचे नाव आणि हाकेचे नाव वेगळे म्हणून कोणी वाद घालू नये.

एक. मला त्याच दिवशी पुरावे. खर्च कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यातून करावा. त्यानंतर माझी देणी फेडावीत, देण्यांनंतर मृत्युपत्रातले बक्षीस, आणि तेही उरलेल्याच्या एक तृतीयांशाच्या आत. मग जे राहील ते वारसांचे. हा क्रम माझा नाही, शरियतचा आहे. बावीस वर्षे बँकेच्या खिडकीत बसून मी तो लोकांना समजावून सांगितला. सांगताना कधी जीभ अडखळली नाही.

दोन. वारस दोघे. मुलगा रोसली याला दोन वाटे, मुलगी हसनाह हिला एक. राहते घर मी अकरा वर्षांपूर्वी, धडधाकट असताना, हसनाहला देऊन टाकले आहे, तेव्हा ते वाटणीत येत नाही. रोसली, तू वर्षातून दोनदा क्वालालंपुरहून येतोस आणि आल्या आल्या छत गळतंय म्हणतोस. छत आता तिचे आहे. ती बघेल.

तीन. शिवणयंत्र हसनाहचे. नारळाची खवणी माझी मावसबहीण झैनुन हिच्याकडे 2004 पासून आहे. ती दोन दिवसांसाठी नेली होती. ती खवणी मी तिला माफ केली, पण एवढे लिहून ठेवते की नारळ खवताना दरवेळी मला तिची आठवण येत असे, आणि ती चांगली नसे.

चार. हजसाठी साठवलेले माझ्या खात्यात 61,300 रिंगिट आहेत. माझा नंबर दोनदा लागला होता. दोन्ही वेळा मी गुडघ्याचे कारण सांगितले. गुडघा खरोखर दुखत होता, पण कारण ते नव्हते.

पाच. ~~माझी शेजारीण तिमाह, कै. जुसोह बिन एम्बोंग याची बायको, हिला माझ्या एक तृतीयांशातून 17,640 रिंगिट बक्षीस द्यावे.~~

हे कलम खोडले आहे. खोडाखोड माझीच आहे. ती का केली ते खाली लिहिते.

काल दुपारी आमचे इमाम, तोक इमाम मुस्तफा, साक्षीदार म्हणून कागद वाचायला आले. चहा निवेपर्यंत वाचत होते. पाचव्या कलमावर बोट ठेवून म्हणाले, "सोम, हा आकडा कुठून आणला?"

"मनात आला, लिहिला."

"बक्षीस दहा हजार असतं, पंधरा असतं. वर चाळीस रिंगिट मोजून बक्षीस कोण देतं? हे बक्षीस नाही. हे कोणाचं तरी देणं आहे."

मी चहा गरम करते म्हणून उठले. ते म्हणाले, "बस. चहा राहू दे."

मग मी त्यांना सांगितले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

आमच्या बँकेत व्याज नाही. कोणाला होडीचे इंजिन हवे असेल तर बँक त्याला पैसे देत नाही. बँक स्वतः इंजिन विकत घेते, मग आपला नफा उघड सांगून त्याला हप्त्यांवर विकते. व्याज आणि या नफ्यात फरक एवढाच की मधले काही तास ते इंजिन खरोखर बँकेचे असते. तेवढ्यात ते बिघडले, बुडले, जळले, तर नुकसान बँकेचे. जोखीम उचलली म्हणून नफा हलाल. ती उचललीच नाही तर उरते ते व्याज, नाव काहीही द्या.

ते मधले काही तास म्हणजे मी. दुकानात जायचे, वस्तू बघायची, हात लावायचा आणि पावतीवर सही करायची. पावतीवर छापलेले असे: "माल स्वतः पाहिला, हात लावला, ताब्यात घेतला." मी शिलाई यंत्रे पाहिली, बर्फाच्या पेट्या पाहिल्या, एकदा बारा शेळ्यांच्या पाठीवर एकेक करून हात ठेवला. दुकानदार हसायचे. मला या कामाचा अभिमान होता.

1996 मध्ये, ईदच्या दोन दिवस आधी, जुसोहच्या इंजिनाचा कागद टेबलावर आला. चौदा हजारांचे इंजिन, बँकेचा नफा 3,640, छत्तीस हप्ते, दर महिना 490, पहिला मे महिन्यात. दुकान नदीपलीकडे होते. मॅनेजर म्हणाले, "काक, सगळ्यांना सणाला घरी जायचंय. सही करून टाका, इंजिन काय पळून जाणार आहे?" मलाही घरी जायचे होते. घरात रोसली आणि हसनाह नवे कपडे घालून बघायला टपून बसले होते. मी बसल्या जागी सही केली.

त्या पावसाळ्यात दुकानदाराच्या गोदामात कमरेएवढे पाणी शिरले होते. इंजिन वरून पुसून रंगवलेले होते. मी गेले असते तर खोक्यावरची चिखलाची रेघ मला दिसली असती. शेळ्या तपासणारी बाई मी, रेघ कशी सुटली असती?

एप्रिलमध्ये जुसोहचे इंजिन समुद्रात बंद पडले. होडी दोन दिवस वाहत जाऊन बेटाच्या खडकावर फुटली. जुसोह वाचला, पण डावा पाय वाकडा झाला तो कायमचा. दुकानदार बँकेत येऊन म्हणाला, माल चांगला होता, तुमच्याच बाईंची सही आहे. मॅनेजरनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, हो, पाहिला होता.

"नाही" म्हणाले असते तर विक्रीच रद्द झाली असती. नुकसान बँकेचे, आणि जुसोहचे हप्ते त्या दिवशी थांबले असते. माझी नोकरीही थांबली असती. नवरा जाऊन दीड वर्ष झाले होते. वर्षाअखेर शरियत सल्लागार उस्ताद तपासणीला आले आणि प्रेमाने विचारले, "माल स्वतः पाहता ना, बहीण?" मी म्हणाले, "हो, उस्ताद." दोन वेळा विचारले, दोन्ही वेळा मी खोटे बोलले.

जुसोहने धक्क्यावर बर्फाच्या लाद्या ओढून छत्तीस हप्ते भरले. होडी नाही, इंजिन नाही, तरी दर महिन्याच्या पाच तारखेला तो माझ्याच खिडकीशी यायचा. धुतलेला सदरा, केस पाण्याने बसवलेले. पैसे ठेवायचा आणि जरा उभा राहायचा.

"काय काक सोम, बरं आहे ना?"

"बरं आहे. तुझा पाय?"

"हवा बदलली की सांगतो मला. मासेमारांना हवामान खातं हवं तर माझा पाय भाड्याने देईन."

मग आणखी थोडे थांबून जायचा. शेवटच्या हप्त्याला म्हणाला, "काक, तीन वर्षांत काही चुकलं-माकलं असेल तर हलाल करून टाका." आमच्याकडे हिशेब मिटला की एकमेकांची माफी मागायला असे म्हणतात. समोरच्यानेही उलटून तेच म्हणायचे असते. मी फक्त म्हणाले, "केलं हलाल." माझी बाजू मी मागितली नाही.

त्यानंतर दर ईदला मी त्यांच्या घरी तांदळाची गोणी पाठवी आणि त्याला दानधर्म म्हणे. तिमाह गोणी कधी रिकामी परत पाठवायची नाही.

2009 मध्ये जुसोह गेला. जनाजा उचलण्याआधी त्याचा भाऊ रीतीप्रमाणे उभा राहिला आणि म्हणाला, मयताकडे कोणाचे काही येणे असेल तर आम्हाला सांगा. बायकांत मी भिंतीला टेकून बसले होते. वाटले, याच्या उलट कोणी विचारेल, मयताचेच कोणाकडे काही येणे आहे का. तसे कोणी विचारत नाही.

तोक इमामनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, "मेल्यावर देणं फेडायला वारस लागतात. तू जिवंत आहेस, ती समोरच्या घरात कपडे वाळत घालतेय. मृत्युपत्र कशाला हवंय तुला?"

"मला भीती वाटते, तोक इमाम."

"वाटणारच," ते म्हणाले. "पैसे काढून आण."

सहा. काल रात्री क्वालालंपुरहून आलेल्या रोसलीने आज सकाळी मला बँकेत नेले आणि मी हजच्या पैशांतून रोख आणली. दुसऱ्याचे देणे अंगावर ठेवून हजला जात नाहीत, गुडघ्यामागचे खरे कारण हे. कशासाठी, ते वाटेत त्याला सांगितले. तो गाडी चालवत राहिला. मग म्हणाला, "माक, ते नवे कपडे मला आठवतात. हिरवे होते." त्याच्याबद्दल कलम दोनमध्ये जे लिहिले आहे ते मी खोडत नाही, पण हेही वाचावे.

सात. दुपारी तिमाह आली. मी पैसे तिच्यासमोर ठेवले आणि पहिल्यापासून सांगितले. ती खाली बघत होती. सांगून झाल्यावर म्हणाली, "त्याला माहीत होतं, काक."

"काय माहीत होतं?" मी विचारले.

"समुद्रात बंद पडल्यावर त्याने इंजिन खोललं तेव्हा आत चिखल सापडला. तो म्हणाला, काक सोमने हे पाहिलेलं नाही, पाहिलं असतं तर सोडलं नसतं. मी म्हटलं, मग जा, सांग बँकेत. तर म्हणाला, तिची दोन पोरं आहेत, नोकरी गेली तर खातील काय? ती स्वतःच सांगेल, माणूस चांगली आहे. दर महिन्याला सदरा धुऊन घ्यायचा माझ्याकडून. आणि घरी आला की पायरीवर बसून म्हणायचा, 'आजही नाही बोलली.'"

छत्तीस वेळा.

मी रडले, ते लिहायचे कारण नाही, पण शुद्धीवर होते एवढे साक्षीदारांनी नोंदवावे. रडणे थांबल्यावर म्हणाले, तिमाह, एवढ्या वर्षांत पैशाची किंमत उरली नाही, आज तेच इंजिन साठ हजारांना मिळेल. व्याज मी देऊ शकत नाही, पण माझ्या खुशीने वर काही दिले तर ते हलाल आहे. ती म्हणाली, "वरचं नको. त्याने मोजून भरले तेवढेच मोजून घेते. होडीचा हिशेब तुम्हाला जमणार नाही, मलाही नाही."

"मग मला हलाल कर."

"पैशाचं केलं," ती म्हणाली. "दुसरं त्याचं होतं. तीन वर्षं तेच घेऊन तो खिडकीत उभा राहायचा. माझ्याकडे कुठून असणार?"

तिने हे रागाने म्हटले नाही. रागाने म्हणाली असती तर मला सोपे गेले असते.

आठ. उरलेल्या रकमेचा एक तृतीयांश धक्क्यावरच्या मासेमारांना इंजिनदुरुस्तीसाठी द्यावा, बिनव्याजी, बिननफ्याचा. अट एकच. पैसे देणाऱ्याने ज्या इंजिनासाठी पैसे दिले ते स्वतः जाऊन पाहावे. सण असला तरी.

नऊ. माझा जनाजा उचलण्याआधी रोसली रीतीप्रमाणे विचारेलच, आमच्या आईकडे कोणाचे काही येणे आहे का. विचारावे. तिमाहने काही सांगू नये, तिचे फिटले आहे. जुसोहचे राहिले आहे, हे रोसलीने सर्वांसमोर सांगावे, आणि मग मला न्यावे.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

कल्सोम बिन्ती देरामान

साक्षीदार: मुस्तफा बिन सेमान, इमाम. लाझिम बिन दोलाह, निवृत्त शिक्षक. दोघेही वारस नाहीत, दोघांनाही यातून काही मिळत नाही.

मारांग, 14 मार्च 2022

सोबत पावती. मजकूर मी सांगितलेला नाही. तिमाहने माझ्याकडून कागद मागून घेतला, नोटा दोनदा मोजल्या, आणि घरून आणलेल्या जुसोहच्या जुन्या पावतीवरून एकेक शब्द उतरवून काढला:

"17,640 रिंगिट. स्वतः पाहिले, हात लावला, ताब्यात घेतले. तिमाह, जुसोहकरिता."