माडीवरच्या दोन खोल्या

प्रिय दादा,
तुला आणि वहिनीला नमस्कार.

पर्यटन खात्यातल्या नोकरीसाठी मी घर सोडलं तेव्हा तू म्हणाला होतास, “आपल्या गावचं तळं बघायला कुत्रंही फिरकणार नाही.” मीही हसले होते.

माझी तब्येत ठणठणीत आहे. फक्त दूध आणायला निघाले तरी पर्यटकांच्या फोटोत सापडते. त्यांना या शहरात बोलावणारी माहितीपत्रकं वीस वर्षं मीच लिहिली. भाडी वाढली आणि समोरच्या शिंपीणकाकू परवा घर सोडून गेल्या. जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत.

गर्दी पांगावी म्हणून आमचं पर्यटन खातं आता कुणी न पाहिलेल्या गावांवर खर्च करणार आहे. तुला न विचारताच मी आपलं तळं सुचवलं. वहिनीचा गुडघा कसा आहे?

घरात परकी माणसं तुला खपत नाहीत, तू नाहीच म्हणशील. तरी विचारते. माडीवरच्या दोन खोल्यांपैकी एक पाहुण्यांना देशील का, आणि दुसरी मला?

तुझी,
अजून धाकटीच