उलटा पक्षी आणि माझे अश्रू

१७ नोव्हेंबर, शाकुमाल
थोर दिवस. ब्याऐंशी साली लष्कराने मारून पुरलेली माणसं या गावात आता उकरून काढताहेत. त्यांचे कपडे आज शाळेच्या अंगणात टेबलांवर मांडले होते, ओळख पटावी म्हणून. कॅमेरा मी स्वतः धरला. इतका रडलो, इतका रडलो, की काही म्हणजे काही दिसेना. तरी बटण सोडलं नाही. वाक्य चांगलं झालंय, खाली रेघ मारून ठेवतो. मुलाखतीत वापरता येईल.

१८ नोव्हेंबर
संकल्प. आधीच लिहिलेलं बरं, नंतर घोळ नको. व्हायोलिन नाही. रडक्या डोळ्याचा क्लोजअप नाही. ड्रोन तर नाहीच नाही. स्वस्तातलं दुःख विकणारे माहितीपटवाले वेगळे, हा फाउस्तो आर्रियोला वेगळा.

९ फेब्रुवारी, शाकुमाल
नान इंग्रासियाची मुलाखत. थोरल्या बाईला नान म्हणायचं, असं गास्पार मास्तरांनी बजावलंय. शाळा मास्तरांची, माझ्यासाठी इथल्या इशिल बोलीचं स्पॅनिश करणारे तेच, आणि टोमणेही त्यांचेच.
नानने सैनिक आले तो दिवस सांगितला. आईबापाला आणि धाकट्या बहिणीला, तेकला, कुठे नेलं, स्वतः मक्याच्या शेतात कशी पडून राहिली. सगळं कणसं सोलता सोलता, बाजाराचे भाव सांगावेत तसं. डोळ्यांत टिपूस नाही!
आणि मग विणकामावर जी घसरली ती आवरेचना. तेकच्या कमरेचा पट्टा हिने विणलेला. आयुष्यातला पहिलाच. एका रांगेत पक्षी, त्यातला एक चुकून उलटा झाला, पाय वर, डोकं खाली. आईने कानाखाली वाजवली. तेकला मात्र नेमका तोच आवडायचा, म्हणायची, तो झोपलाय. इकडे बॅटरी उतरतेय आणि ही पक्ष्यांवर. मी आपला मान डोलावत बसलो.
निघताना तिने एक मागितलं. कपडे मांडले त्या दिवशी ती खालच्या मळ्यांत कॉफी तोडायला गेली होती. परत येईपर्यंत सगळं खोक्यांत भरून राजधानीला गेलं. तर माझ्याकडे टेबलांचं जे चित्रण आहे ते तिला दाखवायचं. पट्टा दिसला तर बहीण सापडली, आणि आणून आईशेजारी पुरता येईल. आई सापडलीय म्हणे, मागच्या वर्षीच.
म्हटलं, अहो, त्यात काय! राजधानीत पोचलो की लगेच पाठवतो.

११ फेब्रुवारी
पेच. बाई रडत नाही, तर प्रेक्षक कसा रडणार? पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा तसंच. उलट झोपलेल्या पक्ष्यापाशी चक्क हसली! मास्तरांनी विचारलं, पहिल्या वेळी काय चुकलं होतं? म्हटलं, तिचं नाही हो, प्रकाशाचं.
दुपारी युक्ती सुचली. स्वयंपाकघरात, चुलीला लागून बसवली. अस्सल वातावरण. लाकूड ओलं निघालं हा योगायोग. आत मीच सरकवलं, पण ओलं असेल हे मला कसं कळणार? नान म्हणाली, डोळे चुरचुरताहेत, जरा सरकू का? म्हटलं, एकच मिनिट. आणि उजव्या डोळ्यातून तो आला! काय थेंब! सुरकुतीत अडकला, थांबला, मग सुटला. मीही रडलो. धूर मलाही लागत होता, पण माझं रडणं वेगळं.

३ मार्च, राजधानी
एडिट सुरू. एडिटर निनेत. पोरगी हुशार, पण तोंडाळ. पहिल्याच दिवशी विचारते, त्या नानला फुटेज पाठवलंत? म्हटलं, आज पाठवतो.
पैसे देणाऱ्या युरोपातल्या बाईंचा व्हिडिओ कॉल. त्यांना काळजाला हात घालणारं काहीतरी हवंय, पहिल्या पाच मिनिटांत. थेंब दाखवला. त्यांनी छातीवर हात ठेवला. क्लोजअप ठेवायचा ठरला. एकच ठेवणार, आणि तोही गरज म्हणून.

१९ मार्च
व्हायोलिन नाही, हा संकल्प ठाम. चेलो घेतलाय.

२३ मार्च
टेबलांवरचे कपडे बघितले. थंड! चिंधी, नंबराची चिठ्ठी, चिंधी, चिठ्ठी. प्रेक्षक जांभया देईल. एक झलक तेवढी ठेवली आणि तिच्यावर नानचा रडता डोळा विरघळवला, म्हणजे खाली कपडे, वर डोळा. अंगावर काटा आला. निनेत म्हणाली, कपडे झाकले जाताहेत. म्हटलं, झाकले जात नाहीत गं, जिवंत होताहेत. तिने कपाळाला हात लावला. तिला अजून शिकायचंय.
उलट्या पक्ष्याची कथाही उडवली. तिच्यामुळे रंगत कमी होते.

२ एप्रिल
ड्रोन आणला. संकल्प होता तो उथळ ड्रोनबद्दल. आपला ड्रोन दरीवरून जाताना शोक करतो. धुकं असं काही उतरलंय की बघत राहावं.
धुक्याला डिस्कवर जागा होईना. सिनेमात न घेतलेले, मेलेले शॉट पुसून टाकले. निनेत सुट्टीवर होती. सुट्ट्या घेतल्या की असली कामं मलाच करावी लागतात.

५ एप्रिल
निनेतने पुन्हा विचारलं, पाठवलंत ना? म्हटलं, पाठवल्यात जमा आहे. 
मग मास्तरांचा फोन. नान रोज शाळेत येऊन विचारून जाते म्हणे. म्हटलं, मास्तर, एवढ्याशा फोनवर बघायची का तिने बहीण? मोठ्या पडद्यावर बघू दे, सन्मानाने. सिनेमा घेऊन येतोच आहे. मास्तर म्हणाले, साहेब, तिला सन्मान नकोय, पट्टा हवाय. खवचट माणूस.

२४ एप्रिल
राजधानीत खास लोकांसाठी खेळ. अपूर्व! चेलो सुरू होताच नाकं ओढायला सुरुवात, आणि थेंब सुटला तेव्हा अख्खं सभागृह हमसाहमशी रडलं. एक बाई माझ्या गळ्यात पडल्या, म्हणाल्या, आता आठवडाभर घास उतरणार नाही. नंतर खाण्याच्या टेबलाशी त्या माझ्यापुढेच होत्या, पण तो शिष्टाचार झाला.
एका तरुणाने विचारलं, हे बघून आम्ही करायचं काय? म्हटलं, अनुभवा. टाळ्या पडल्या. निनेतने वाजवल्या नाहीत.

१६ मे, शाकुमाल
उद्या गावात खेळ, शाळेत. कागदी रुमालांचा खोका आणलाय. राजधानीत परके लोक एवढे रडले, तर इथे काय होईल? सांभाळायला कुणीतरी हवं. उद्या भाषणात म्हणायचं, रडा, मोकळे व्हा.

१७ मे
हसले.
मेले हसले! नान पडद्यावर आली तशी अख्खी शाळा खो खो. ही बघा, ही बघा, कणसं सोलायला पण हिला कॅमेरा लागतो. तिच्यामागून टर्की गेला, तर तो कुणाचा यावर वाद. माझा शोक करणारा ड्रोन दरीवर आला तेव्हा सगळे उभे राहून आपापली शेतं दाखवायला लागले, आणि बांधावरून दोन भावांची जुंपली. चेलो कुणाला ऐकूच गेला नाही.
मग थेंब. म्हटलं, आता तरी. नान उठून सगळ्यांकडे वळली आणि काहीतरी सांगायला लागली. मास्तरांनी मला भाषांतर करून दिलं, नको म्हटलं तरी: हा साहेब मला हलू देईना, ओली लाकडं आत सारत होता, माझे डोळे दोन दिवस सुजले होते. पुन्हा हशा. मी भिंतीकडे बघत राहिलो. हसणं हीसुद्धा शोकाचीच एक तऱ्हा असते, असं वाचल्यासारखं वाटतंय.
आणि मग ती झलक आली नि गेली.
नान ओरडली. पडद्याजवळ गेली. मास्तर म्हणाले, थांबवा, मागे न्या. नेलं. झलक, चेलो, गेली. पुन्हा. झलक, चेलो. सगळी शाळा चिडीचूप झाली. पोरंसुद्धा. नान म्हणाली, ते वाजवणं बंद करा हो, त्याच्यात मला दिसत नाही. आवाज बंद केला. म्हणाली, आता हलू देऊ नका. थांबवलं.
पडद्यावर तिचा तो भलाथोरला डोळा. त्याच्याखाली लाल काहीतरी, आणि एक पंख. नानने हात वर करून आपल्याच डोळ्यावर फिरवला, काच पुसावी तसा. पडदा हलला, डोळा हलला, पण बाजूला होईना. मास्तर हळू आवाजात म्हणाले, ती म्हणतेय, माझाच डोळा मध्ये येतोय. डोळ्याशिवायचं दाखवा.
म्हटलं, ते राजधानीत आहे.
ती रडली नाही. म्हणाली, बरं, आम्ही थांबतो. मग तिने सगळ्यांना मक्याची गरम पेज, आतोल, वाटली, मलाही. रुमालांचा खोका कुणी फोडला नाही. परत आणलाय.

२१ मे, राजधानी
डिस्क दाखवली. दुरुस्तीवाला म्हणाला, त्याच जागेवर दुसरं भरलंय, काही निघणार नाही. काय भरलंय ते त्याने पडद्यावर लावून दाखवलं. धुकं.
 निनेत बॅग उचलून निघून गेली.

२ जून
युरोपातल्या फेस्टिव्हलने सिनेमा निवडला! दिग्दर्शकाचा परिचय मागितलाय, एका ओळीत. लिहिलं, फाउस्तो आर्रियोला, साक्षीदार. आनंद व्हायला हवा तेवढा होत नाहीये. दमलो असेन.
कपड्यांची खोकी जिथे गेली त्या हाडांच्या ऑफिसात निनेत खेटे घालतेय म्हणे, नानसाठी. मला न सांगता.

४ जून
मास्तरांचा फोन. निनेतने ऑफिसात विचारलं. खोकी शेकड्यांनी आहेत, पण शाकुमालच्या एका खड्ड्यातला एक लाल पट्टा त्यांच्या यादीत आहे. वस्तू कुणी खात्रीने ओळखली, तर ते खोकं पुढे काढतील, नाहीतर नंबर येईपर्यंत थांबायचं. एका पंखावरून खात्री कशी देणार? पंख काय, सगळ्याच पक्ष्यांना असतात.
मास्तर म्हणाले, नान म्हणतेय, चित्र गेलं तर गेलं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण साहेब स्वतः तिथे होते ना? टेबलासमोर उभे होते. तुमच्या डोळ्यांनी बघितलंच असेल. एक पक्षी उलटा होता की नाही, एवढं आठवून सांगा. तेवढं पुरेल. ती इथेच उभी आहे, माझ्या शेजारी.
म्हटलं, एक मिनिट थांबा. माझी रोजनिशी असते, मी सगळं लिहून ठेवतो.
१७ नोव्हेंबरचं पान काढलं.
पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. नान मास्तरांना काहीतरी विचारत होती. पान वाचलं. उलटून मागे बघितलं. पुन्हा वाचलं.
इतका रडलो, इतका रडलो, की काही म्हणजे काही दिसेना. खाली रेघ आहे, माझ्याच हातची.